कार्यसूची-साधने, अंकीय
करावयाच्या कामांची नोंद करणे, त्यांचा क्रम व मुदत ठरविणे, योग्य वेळी त्यांचे स्मरण करून देणे आणि झालेल्या कामाची खूण ठेवणे या गोष्टींसाठी संगणकावर किंवा मोबाइलवर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींना अंकीय कार्यसूची-साधने म्हणतात. व्यवहारात त्यांचा उल्लेख ‘ॲप’ या शब्दानेच होतो. मोठी बांधकामे किंवा कारखान्यातील उत्पादन यांचे नियोजन करणाऱ्या आज्ञावल्या यांहून वेगळ्या होत. प्रस्तुत नोंदीत एक व्यक्ती, एक कुटुंब किंवा चार-सहा माणसांचे कार्यालय यांच्या दैनंदिन कामांपुरताच विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांतील आहेत. तेथे एकच माणूस पुष्कळदा सकाळी शेतावर, दुपारी शाळेत किंवा दुकानात आणि सायंकाळी एखाद्या संस्थेच्या बैठकीत असतो. त्याची काही कामे घड्याळाने चालतात, तर काही पावसाने. त्यामुळे ही साधने कोठे उपयोगी पडतात व कोठे अडतात, हे तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येते.

पूर्वपीठिका : कामे लिहून ठेवण्याची रीत जुनी आहे. वकिलाची तारीखवही, दुकानदाराची उधारीची वही, देवस्थानाच्या वार्षिक उत्सवाची यादी ही तिचीच रूपे होत. महाराष्ट्रातील सर्वांत रूढ कार्यसूची मात्र भिंतीवरची दिनदर्शिका हीच मानावी लागेल. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने तिथी, इंग्रजी तारीख व सणवार एका चौकटीत आणले. त्या चौकटीत दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याचा दिवस किंवा विम्याच्या हप्त्याची तारीख टिपण्याची सवय घरोघरी जडली. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची (स्थापना १९६९) ‘कृषी संवादिनी’ ही दैनंदिनी याच परंपरेतील असून तीत नोंदीच्या पानांबरोबर पिकांसंबंधीच्या शिफारशीही दिलेल्या असतात. सल्ला व नोंद एकाच बांधणीत असण्याची ही सोय पुढील काळातील पुष्कळ अंकीय साधनांतही आढळत नाही.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा पद्धतशीर विचार कारखान्यांतून सुरू झाला. अमेरिकन अभियंते हेन्री गँट यांचे कालपट्ट १९१० च्या दशकातील आहेत, तर ‘पर्ट’ व निर्णायक मार्ग या नियोजनपद्धती १९५७-५८ च्या सुमारास पुढे आल्या. जपानमध्ये टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी कानबान ही पत्रिकांवर आधारलेली पद्धती रूढ केली. तिच्यावरून स्फुरलेले ‘करावयाचे, चालू, झाले’ असे रकाने आज अनेक ॲपमध्ये दिसतात. व्यक्तीच्या खिशात मावणारे साधन १९९६ मध्ये ‘पाम पायलट’च्या रूपाने आले. डेव्हिड ॲलन यांचा ‘गेटिंग थिंग्ज डन’ हा ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या बहुतेक साधनांच्या रचनेवर त्याची छाप पडली. ‘रिमेम्बर द मिल्क’ (२००५), ‘टुडूइस्ट’ (२००७), ‘ट्रेलो’ (२०११) व ‘मायक्रोसॉफ्ट टू डू’ (२०१७) ही त्यांपैकी काही होत. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही साधने शहरांबाहेर पोहोचली.

प्रकार : रचनेच्या दृष्टीने चार प्रकार सांगता येतील. सूचिप्रधान साधनांत कामे एकाखाली एक येतात. कालदर्शिकाप्रधान साधनांत प्रत्येक काम दिवसाच्या एखाद्या तासात बसवावे लागते. फलकप्रधान साधनांत कामांच्या पत्रिका एका रकान्यातून दुसऱ्यात सरकविल्या जातात. टिपणप्रधान साधने ही मुळात वह्याच असून त्यांत खुणेच्या चौकटींची सोय केलेली असते. पाचवा प्रकार सिद्धांतात बसत नाही, पण वापरात सर्वांत मोठा आहे. तो म्हणजे ‘व्हॉट्सॲप’. मुळात हे निरोपांचे साधन असले, तरी गावातील बचतगट, शाळेचे शिक्षक, कृषिसेवा केंद्राचे गिऱ्हाईक यांची कामे त्यावरूनच सांगितली जातात. स्वतःलाच निरोप पाठविण्याची सोय त्यात २०२२ च्या अखेरीस झाली, तेव्हापासून अनेकांनी तिचा टिपणवहीसारखा उपयोग चालविला आहे. मात्र निरोप वर सरकत जातो व त्याबरोबर कामही दिसेनासे होते, हा त्यातील मूलभूत दोष होय.

कामाचे निमित्त : साधनांची तुलना करताना किंमत, रंगरूप व सोयींची संख्या यांवर भर दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे, तो म्हणजे आपले काम कशावर टांगलेले आहे. काही कामे तारखेवर टांगलेली असतात, काही एखादी घटना घडण्यावर, काही आपण विशिष्ट ठिकाणी असण्यावर, तर काही दुसऱ्याने आपले काम करण्यावर. जवळजवळ सर्व ॲप पहिला प्रकार उत्तम हाताळतात, तिसरा बऱ्यापैकी हाताळतात आणि उरलेले दोन वापरणाऱ्यावर सोडून देतात.

तारखेच्या कामांत ॲपला तोड नाही. पीककर्ज मुदतीत फेडले, तर व्याजात सवलत मिळते. मुदत टळली की ती जाते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत कास्तकाराने स्वतः मोबाइलवरून आपल्या शेतातील पीक ठरलेल्या कालावधीत नोंदवावयाचे असते. ही नोंद राहून गेली, तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि पुढे नुकसानभरपाई किंवा हमीभावाने खरेदीच्या वेळी त्याची अडचण होते. अशा कामाला एक स्मरणसूचना मुदत सुरू होताना व दुसरी मुदत संपण्याच्या चार दिवस आधी लावणे इष्ट ठरते. शेवटच्या दिवशीची सूचना बहुधा निरुपयोगी असते, कारण त्या दिवशी सर्वांचीच गर्दी होऊन यंत्रणा मंद चालते.

घटनेवर टांगलेल्या कामांची गोष्ट निराळी आहे. वऱ्हाडातील काळ्या भारी जमिनीत पाऊस उघडल्यावर ओल कमी होऊन माती औजाराला चिकटेनाशी होते, त्या अवस्थेस वाफसा म्हणतात. डवरणी, निंदण, खत देणे ही सर्व कामे वाफशावर अवलंबून असतात. वाफसा कोणत्या तारखेला येईल, हे कोणतेही ॲप सांगू शकत नाही. एकाच गावातील हलक्या व भारी शेतांतही त्याचा दिवस वेगळा असतो. पेरणीचेही तसेच आहे. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिमी. पाऊस झाल्याविना कोरडवाहू पेरणी करू नये, अशी शिफारस केली जाते. मृग नक्षत्र लागले म्हणून तारखेची सूचना वाजवून पेरणी करणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते.

अमरावती जिल्ह्यातील वरुड व मोर्शी या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा हे अशा साखळी-कामांचे चांगले उदाहरण आहे. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. ताण किती दिवसांचा, हे जमिनीच्या खोलीवर व पोतावर ठरते. पाने मलूल होऊन गळू लागली, की ताण पुरेसा झाल्याचे समजतात आणि नंतर खत व पाणी यांचा क्रम सुरू होतो. आधीचे काम झाल्याविना पुढचे काम यादीत दिसू नये, अशी सोय असलेले साधन येथे उपयोगी पडते. ती नसेल, तर सर्व पायऱ्या एकाच कामाच्या पोटात क्रमाने लिहून ठेवाव्यात. पायऱ्यांना अंदाजी तारखा घालण्याचा मोह टाळावा, कारण एक तारीख चुकली की पुढच्या सर्व सूचना खोट्या ठरतात व वापरणारा त्यांकडे पाहणेच सोडून देतो.

घटनेच्या कामाला तारीख चिकटविण्याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा विदर्भात २०१७ मध्ये मोठा उद्रेक झाला. तिच्यासाठीची शिफारस पुढीलप्रमाणे आहे : पेरणीनंतर सु. ४५ दिवसांनी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय योजावा. ही अट निरीक्षणाची आहे. तिच्या जागी ‘दर पंधरा दिवसांनी फवारणी’ अशी आवर्ती सूचना मोबाइलमध्ये घातली, तर गरज नसताना फवारणी होते, खर्च वाढतो आणि फवारणाऱ्या मजुराचा विषाशी संपर्क वाढतो. २०१७ च्याच खरिपात यवतमाळसह विदर्भाच्या काही भागांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले होते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती व कोणत्याही कार्यसूचीशी तिचा संबंध नव्हता. परंतु यांत्रिक आवर्तनाचा हुकूम कोणत्या कामास लावू नये, हे तीवरून कळते.

यावर एक सोपी युक्ती आहे. घटनेला तारीख देता येत नसली, तरी ती घटना घडली की नाही हे पाहण्याला तारीख देता येते. ‘सापळे मोजणे व आकडा लिहिणे’ हे काम ठरावीक दिवसांचे असते. फवारणी, औषधाची खरेदी, हातमोजे व मुखपट्टी तपासणे ही कामे ‘आठ पतंग झाल्यास’ या शीर्षकाच्या स्वतंत्र यादीत विनातारखेची ठेवावीत. याच रीतीने ‘वाफसा आल्यावर’, ‘पहिला मोठा पाऊस झाल्यावर’, ‘कापूस विकल्यावर’ अशा याद्या करता येतात. शहरातील वापरणाऱ्यासही ती लागू पडते : ‘निकाल लागल्यावर’, ‘वेतन जमा झाल्यावर’, ‘पाहुणे येण्याचे ठरल्यावर’.

स्थळाच्या कामांबाबत बहुतेकांना ‘तालुक्याला गेल्यावर’ ही एक यादी पुरते. मोबाइल जागा ओळखून घंटा वाजवितो, ही सोय काही साधनांत आहे. पण तिने विद्युत्‌घट लवकर संपतो. दुसऱ्याच्या कृतीवर अवलंबून असलेल्या कामांची मात्र वेगळी यादी अवश्य ठेवावी. तीत काम कोणाकडे आहे, कोणत्या दिवशी दिले आणि पावतीचा क्रमांक काय, या तीन गोष्टी लिहाव्यात. जमिनीच्या फेरफारासारख्या कामात नोटिशीनंतर आक्षेपांसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. त्या मुदतीच्या आधीच चौकशीच्या खेपा घालणे व्यर्थ असते आणि मुदतीनंतर विसरून जाणे महागात पडते.

तिथी व आवर्तन : ठरावीक काळाने पुन्हा येणारी कामे ही या साधनांची मोठी सोय असली, तरी तीत एक उणीव आहे. निरनिराळ्या कालदर्शिका-आज्ञावलींत माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून १९९८ मध्ये ‘आय-कॅलेंडर’ हे प्रमाण ठरविण्यात आले. त्यातील आवर्तनाचे नियम ग्रेगरियन तारखांवर आधारलेले आहेत. सालदार ठरविण्याची अक्षय्य तृतीया, बैलांचा पोळा, वडिलांचे श्राद्ध, महिन्याची चतुर्थी ही निमित्ते तिथीवर चालतात. ‘दरवर्षी’ अशी खूण केल्यास पुढील वर्षी ती चुकीच्या दिवशी येतात. अन्य कालगणनांसाठी पूरक प्रमाण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, पण सामान्य ॲपमध्ये त्याचा अवलंब क्वचितच आढळतो. यासाठी वर्षारंभी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून वर्षभराच्या तिथींच्या तारखा एकदाच उतरवून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग होय (⟶ पंचांग).

आठवड्याचे आवर्तन मात्र वऱ्हाडी जीवनाशी चांगले जुळते. खेड्यांत मजुरीचा हिशेब, किराणा व भाजीपाला यांची खरेदी आठवडी बाजाराच्या दिवसाभोवती होते. तोच दिवस यादी तपासण्यासाठी ठेवल्यास वेगळी शिस्त लावावी लागत नाही. ओलिताच्या ज्या वाहिन्यांवर वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळते, तेथे त्या वेळापत्रकाची नोंदही साप्ताहिक आवर्तनाने होते. वेळापत्रक बदलताच ती दुरुस्त करावयास हवी.

निवड : भाषेचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. १९९१ च्या युनिकोड प्रमाणात देवनागरीचा समावेश झाल्याने कोणत्याही नव्या साधनात मराठी मजकूर लिहिता येतो आणि गूगलच्या आवाजी टंकलेखनात २०१७ पासून मराठी आहे. परंतु मजकुरातील ‘उद्या’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’ हे शब्द ओळखून तारीख आपोआप लावण्याची सोय बहुधा इंग्रजी व मोजक्या परकीय भाषांपुरती असते. मराठीत लिहिणाऱ्याने तारीख हाताने निवडावी लागते की काय, हे आधी पाहावे.

त्याहून महत्त्वाची कसोटी म्हणजे इंटरनेटविना चालणे. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत अनेक गावी संदेशवहन क्षीण आहे. सपाटीवरही शेतात उभे असताना जोडणी तुटते. जोडणी नसताना नोंद स्वीकारून नंतर ती आपोआप जुळविणारे साधनच तेथे उपयोगी. मोबाइल ‘विमान’ स्थितीत ठेवून पाच कामे लिहावीत व त्यांची घंटा वाजते का ते पाहावे, ही परीक्षा कोणालाही करता येते. काही मोबाइलमध्ये विद्युत्‌घट वाचविण्यासाठी मागे चालू असलेल्या आज्ञावल्या थांबविल्या जातात व त्यामुळे सूचना वाजतच नाही. वापरणाऱ्याचा दोष नसताना त्याच्या विसराळूपणावर खापर फुटते, त्याचे कारण पुष्कळदा हे असते. मोबाइलच्या मांडणीत त्या ॲपला सूट दिल्यास हा दोष दूर होतो.

साधन बंद पडल्यास नोंदी बाहेर काढता येतील काय, याचाही विचार करावा. ‘वंडरलिस्ट’ हे जगभर लोकप्रिय असलेले साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ज्यांनी नोंदी वेळेवर हलविल्या, त्यांचेच काम निभावले. साध्या मजकुराच्या रूपात प्रत काढून देणारे साधन यादृष्टीने सुरक्षित समजावे. कुटुंबात एकच मोबाइल अनेकांच्या हाती असतो. तेव्हा आधार क्रमांक, बँकेचे संकेतांक, मजुरांच्या उचलीच्या रकमा यांसारखी माहिती कामाच्या मजकुरात लिहू नये. किमतीबाबत एवढे सांगता येईल, की एका व्यक्तीच्या गरजा विनामूल्य साधनांत बहुतेक भागतात. पैसे भरण्याचे कारण सहसा कामे अनेकांत वाटून देताना निर्माण होते.

वापर : रशियन मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले, की अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक स्मरणात राहतात. पुढील संशोधनात हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाही. २०११ मध्ये मासिकॅम्पो व बाउमाइस्टर यांना असे आढळले, की काम पूर्ण झाले नाही, तरी ते केव्हा व कसे करावयाचे याची निश्चित योजना केली, की त्याची मनाला लागलेली टोचणी कमी होते. यादीतील नोंद कशी लिहावी, याचे उत्तर त्यात आहे. ‘बियाणे’ एवढाच शब्द लिहिला, तर तो टोचत राहतो. ‘शुक्रवारी बाजारात दोन दुकानांत तुरीच्या बियाण्याचा भाव विचारणे’ असे लिहिले, म्हणजे काम हाती धरता येते. नोंदीत क्रियापद असावे, हा नियम क्षुल्लक वाटला, तरी फलदायी आहे.

सर्व कामे एकाच मोठ्या यादीत टिपून रोज सकाळी त्यांतील तीन ते पाच वेगळी काढावीत. तीन वेळा पुढे ढकललेल्या कामाचे तुकडे करावेत किंवा ते सरळ खोडावे. रंग, खुणा, उपविभाग यांत रमणारा माणूस कामाची तयारी करीत असतो, काम नव्हे. नव्या साधनाच्या पहिल्या पंधरवड्यात हा दोष जवळजवळ प्रत्येकात दिसतो. घरातील सामायिक यादीबाबत आणखी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक आहे. किराणा, मुलांची फी, आजाऱ्याची औषधे यांची यादी सहसा गृहिणीच ठेवते व इतर ती ‘पाहतात’. प्रत्येक नोंदीपुढे करणाऱ्याचे नाव लिहिल्याविना यादी सामायिक केल्याने कामाची वाटणी होत नाही.

नियम व सक्ती : शासकीय नियमांवर आधारलेल्या सूचना दर हंगामात तपासून घ्याव्यात. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार गारपीट, पूर यांसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ते ७२ तासांच्या आत कळविणे आवश्यक होते. त्यापूर्वी ही मुदत ४८ तासांची होती. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपात योजनेचे स्वरूप बदलून भरपाई पीक-कापणी प्रयोगांतील उत्पादनावर आधारण्यात आली. जुन्या मुदतीवर बेतलेली यादी अशा वेळी दिशाभूल करते.

स्वतः निवडलेले साधन व वरून लादलेले साधन यांतील फरक अंगणवाडी सेविकांच्या उदाहरणात दिसतो. गृहभेटी, वजने, पोषण आहाराचे वाटप या दैनंदिन कामांची नोंद २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर करावयाची होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइलची स्मृतिक्षमता अपुरी होती, दुरुस्तीचा खर्च पदरी पडत होता आणि ॲपची भाषा इंग्रजी होती, ही त्यांची गाऱ्हाणी होती. ज्या बाईला गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची तारीख तोंडपाठ असते, तिला स्मरणसूचनेची उणीव नव्हती. तिला हवी होती ती एकदा केलेली नोंद पुन्हा रजिस्टरात उतरवावी न लागण्याची सोय.